खानदेशातील ग्रामीण आरोग्य यंत्रणेचे दैनंदिन कामकाज : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : जिल्हा परिषद, उपकेंद्र, पाणी शुद्धीकरण, शीतसाखळी, साथरोग सर्वेक्षण, हंगामी स्थलांतर

प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्य म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर दवाखाना, डॉक्टर आणि औषधे उभी राहतात. रोग झाल्यावर करावयाचा उपचार हा या व्यवस्थेचा दृश्य भाग होय. रोग होऊ नये म्हणून गावोगाव रोज चालणारे काम त्यामानाने अदृश्य राहते, कारण ते नीट झाले की काहीच घडत नाही. विहिरीत वेळेवर टी.सी.एल. पावडर पडली तर गावात गॅस्ट्रोची साथ येत नाही, आणि न आलेल्या साथीची बातमी वृत्तपत्रात छापली जात नाही. परिणामी या यंत्रणेविषयी समाजात जी चर्चा होते ती बहुधा तिच्या अपयशाच्या प्रसंगी होते. महाविद्यालयीन अध्यापकवर्गाचा या यंत्रणेशी संबंध राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात येतो. परंतु शिबिरातील एका दिवसाच्या तपासणीवरून तिच्या वर्षभराच्या कामाची कल्पना येणे कठीण आहे. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात हे काम प्रत्यक्ष कसे चालते आणि ते कोठे अडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

यंत्रणेची रचना

पूर्वीच्या विस्तीर्ण खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, तर पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४२ लाख ३० हजार आहे. धुळे जिल्ह्यात धुळे, साक्री, शिरपूर व शिंदखेडा असे चारच तालुके असून लोकसंख्या साडेवीस लाखांच्या आसपास आहे. तापीकाठचा केळी-कापसाचा सधन पट्टा, अमळनेर-पारोळा-शिंदखेड्याकडील अवर्षणप्रवण भाग आणि चोपडा, यावल, रावेर व शिरपूरच्या उत्तरेकडील सातपुड्याची डोंगररांग अशी तीन वेगळी जगे या प्रदेशात शेजारी शेजारी नांदतात. आरोग्याचे प्रश्नही तसेच तीन प्रकारचे आहेत.

भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. महाराष्ट्रात १९६१ चा जिल्हा परिषद कायदा अमलात येऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मैदानी भागात ३०,००० व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे. केंद्रात वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सहायक व सहायिका. उपकेंद्रात आरोग्य सेविका, जिला खेड्यात आजही सगळे 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' म्हणतात, आणि पुरुष आरोग्य सेवक. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका या रचनेत आली. आयुष्मान भारत योजनेनंतर, म्हणजे २०१८ पासून, अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही दिसू लागले. या केंद्रांना २०२३ मध्ये आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव देण्यात आले.

येथे एक बाब नीट समजून घेणे आवश्यक आहे. जिल्ह्यात आरोग्याचे प्रशासन एक नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये राज्य शासनाच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतात. हिवतापाचे नियंत्रण करणारे जिल्हा हिवताप अधिकारी हेही राज्य शासनाचेच. २००३ मध्ये महानगरपालिका झालेली जळगाव व धुळे ही शहरे जिल्हा परिषदेच्या कक्षेबाहेर आहेत. डास आणि पाणी या सीमा पाळत नाहीत, हे वेगळे सांगावयास नको. प्राथमिक आरोग्य केंद्रातून 'पुढे पाठविलेली' गर्भवती ग्रामीण रुग्णालयात पोहोचली की ती दुसऱ्या कार्यालयाच्या कागदावर जाते. तिचे पुढे काय झाले हे मूळ उपकेंद्राच्या सेविकेला बहुधा नातेवाइकांकडूनच कळते.

विहीर, पावडर आणि पिवळा रंग

दैनंदिन कामात सर्वांत साधे दिसणारे आणि सर्वाधिक दुर्लक्षिले जाणारे काम पाण्याचे आहे. पाणी पुरविणे व त्याचे शुद्धीकरण करणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी, तर त्यावर देखरेख ठेवणे ही आरोग्य विभागाची. प्रत्यक्ष पावडर टाकतो तो ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. अनेक ठिकाणी तोच शिपाई, तोच पाणी सोडणारा आणि तोच दिवाबत्ती पाहणारा असतो.

टी.सी.एल. म्हणजे विरंजक चूर्ण. चांगल्या प्रतीच्या चुर्णात सुमारे ३३ टक्के क्लोरीन उपलब्ध असतो आणि अशा चुर्णाचे साधारण २.५ ग्रॅम १,००० लिटर पाण्याला पुरतात, असे सामाजिक वैद्यकशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. एखाद्या विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर असेल तर ३.१४ × ४ × ४ × ३ भागिले ४ या हिशेबाने तीत ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर पाणी असते. त्यास साधारण ९४ ग्रॅम चूर्ण लागेल. हिशेब शाळकरी मुलाला यावा इतका सोपा आहे. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली अशी की विहिरीची खोली स्थिर नसते. श्रावणात वरपर्यंत आलेले पाणी वैशाखात तळाला जाते, आणि मात्रा मात्र 'नेहमीची एक वाटी' राहते. दुसरी अडचण चुर्णाचीच. हवा, उजेड व ओलावा लागला की त्यातील क्लोरीन उडून जातो. ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, अर्धवट उघड्या पोत्यातले चूर्ण निम्म्या शक्तीवर आले तर तीच मात्रा दुप्पट करावी लागते. पण रंग आणि वास तसाच राहत असल्याने ते कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आरोग्य सेवकाने चुर्णाचे नमुनेही प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे असतात.

पाणी शुद्ध झाले की नाही हे पाहण्यासाठी ओ.टी. म्हणजे ऑर्थोटोलिडीन चाचणी करतात. नळीतील पाण्यात या द्रावणाचे थेंब टाकले असता क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. चाचणी टाकीजवळ न करता शेवटच्या नळावर करावयाची, हा यातील मुख्य मुद्दा आहे. तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे. शेवटचा नळ बहुतेक गावांत वस्तीच्या कडेला, भिलाटीत किंवा नव्या प्लॉटात असतो. जलवाहिनी तेथे गटारीतून जाते, गळती तेथेच होते, आणि साथीचे पहिले रुग्णही बहुधा तेथूनच येतात. चाचणी टाकीपाशी उरकली तर नोंदवहीत पिवळा रंग येतो आणि भिलाटीत जुलाब सुरूच राहतात.

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर जलस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. लाल कार्ड मिळालेल्या गावाचा सरपंच अस्वस्थ होतो, हे या पद्धतीचे यश मानावे लागेल. यात्रांच्या काळात हे काम अनेक पटींनी वाढते. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात वैशाखात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा, महाशिवरात्रीला तापी-पूर्णा संगमावर चांगदेवला होणारी गर्दी, धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा, या ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे स्रोत, टँकर आणि उपाहारगृहांचे माठ तपासत आरोग्य कर्मचारी दिवसभर हिंडत असतात.

ताप आणि साठविलेले पाणी

पुरुष आरोग्य सेवकाचे मूळ काम तापाचे सर्वेक्षण. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जावे, गेल्या पंधरा दिवसांत कोणास ताप येऊन गेला का विचारावे, आणि आला असल्यास बोटाच्या रक्ताचा एका काचपट्टीवर जाड व पातळ असे दोन नमुने घ्यावेत, ही पद्धत हिवताप निर्मूलनाच्या काळापासून चालत आली आहे. वर्षभरात लोकसंख्येच्या किमान दहा टक्के लोकांचे रक्तनमुने तपासले जावेत अशी अपेक्षा असते. काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तंत्रज्ञ केंद्रात नसेल तर नमुने साचतात. आठवड्याने अहवाल येईपर्यंत मजूर कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेला असतो. शीघ्र निदान चाचणीमुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे.

डेंग्यूचे मात्र निराळे आहे. त्याचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून घासावीत, म्हणजे 'कोरडा दिवस' पाळावा, हा सल्ला या गणितावर आधारलेला आहे. तो शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही. परंतु खानदेशातील ज्या गावांत व नगरांत उन्हाळ्यात नळाला पाणीच आठवड्याने किंवा त्याहून उशिरा येते, तेथील गृहिणीला भरलेले पिंप ओतून द्या असे सांगणे म्हणजे घरातले धान्य फेका असे सांगण्यासारखे आहे. ती ऐकून घेते, मान डोलावते आणि पिंप तसेच ठेवते. अशा ठिकाणी कंटेनर सर्वेक्षण करणारी आशा ताई पाण्यात टेमिफॉसचे द्रावण टाकते, टाक्यांत गप्पी मासे सोडते आणि पिंपावर कापड बांधावयास सांगते. डेंग्यूचा प्रश्न येथे मूलतः पाणीपुरवठ्याचा प्रश्न आहे. आरोग्य विभागाच्या आढावा बैठकीत तो सुटणे शक्य नाही, तरी त्याचा जाब मात्र आरोग्य विभागालाच द्यावा लागतो.

साथींची खबर वेळेवर लागावी यासाठी २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आरोग्य सेविकेने लक्षणांवरून, डॉक्टरने संभाव्य निदानावरून व प्रयोगशाळेने चाचणीवरून असे तीन स्वतंत्र नमुने दर आठवड्याला भरावयाचे, अशी ती पद्धत होती. २०२१ पासून ही माहिती संगणकीय मंचावर भरली जाते. एका गावातून एका आठवड्यात जुलाबाच्या नोंदी एकदम वाढल्या तर जिल्ह्याचे पथक तेथे पोहोचावे, हा हेतू. मात्र खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णांची नोंद या जाळ्यात पूर्णपणे येत नाही, आणि खेड्यातील तापाचा रुग्ण पहिल्यांदा तेथेच जातो.

लसीची शीतसाखळी

लस पुण्याच्या राज्य भांडारातून नाशिक, तेथून जिल्हा भांडार, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी सत्राच्या दिवशी पेटीतून गावात येते. या सर्व प्रवासात तिचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहावे लागते. केंद्रातील आय.एल.आर. या शीतपेटीचे तापमान सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीही, नोंदवावे लागते. भारनियमनाच्या वर्षांत, २००५ नंतरच्या उन्हाळ्यांत, ही नोंद ठेवणाऱ्या औषधनिर्मात्याची झोप किती वेळा मोडली असेल याची कल्पना खानदेशातल्या माणसाला सहज येईल.

तथापि येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात लसीला धोका उष्णतेचा आहे असे सर्वांना वाटते. तो आहेच. परंतु उष्णतेने लस बिघडली तर कुपीवरील व्ही.व्ही.एम. या खुणेतील चौकोन गडद होतो आणि सेविकेला ते दिसते. पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब, धनुर्वातासारख्या लसी गोठल्या तरीही निकामी होतात, आणि गोठण्याची खूण त्या चौकोनावर उमटत नाही. उन्हाच्या भीतीने पेटीत शीतकपाटातून काढलेले कडक बर्फाचे पॅक तसेच भरले तर नेमके हेच होते. म्हणून पॅक बाहेर काढून थोडा वेळ ठेवावेत, कानाजवळ हलवून आत पाणी खळखळल्याचा आवाज येऊ लागल्यावरच पेटीत ठेवावेत, असा नियम आहे. सकाळी आठला निघावयाचे असताना, दोन गावे व एक पाडा करावयाचा असताना, तो आवाज ऐकण्यासाठी थांबणे हे मोठ्या संयमाचे काम आहे. गोठलेली लस दिली तरी बाळ रडते, मातेच्या कार्डावर तारीख पडते, अहवालात शंभर टक्के लागतात; आणि बाळ मात्र संरक्षणाविना राहते. भारतातील शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामागे थेंब पाजणाऱ्या हातांइतकेच बर्फाचे पॅक सांभाळणारे हातही होते.

सातपुड्याच्या पाड्यांवर

डोंगरभागात पावरा व भिल्ल समाजाच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. एका गावाचे पाडे मैलोन्‌मैल पसरलेले असतात. मैदानातून आलेल्या सेविकेला अहिराणी येत असली तरी पावरी येतेच असे नाही. तेथे त्याच पाड्यावरची आशा ही तिची जीभ होते. १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेत आदिवासी भागासाठी भरारी पथके व पाडा स्वयंसेवक आले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी सिद्ध केलेल्या घरपोच नवजात बालसेवेचे तत्त्व २०११ पासून देशभर आशांच्या कामात आले. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाऊन वजन व तापमान घ्यावयाचे असते. सिकलसेलची तपासणीही याच भागात महत्त्वाची. गावात होणारी विद्राव्यता चाचणी दोष आहे एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे पुढील तपासणीतच कळते. हा फरक नीट समजावला नाही तर धडधाकट वाहक मुलीला 'रोगी' ठरवून तिचे लग्न मोडण्यापर्यंत गोष्टी जातात.

मातामृत्यू झाला तर त्याचे अन्वेषण होते. थॅडियस व मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेले 'तीन विलंब' येथे उपयोगी पडतात : निर्णय घेण्यास उशीर, दवाखान्यात पोहोचण्यास उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यास उशीर. पहिल्या दोन विलंबांची चौकशी कसोशीने होते, कारण त्यांत कुटुंब, रस्ता व सेविका येतात. तिसऱ्याची चौकशी तितक्या कसोशीने होतेच असे नाही. वरिष्ठ रुग्णालयात भूलतज्ज्ञ नव्हते की रक्त उपलब्ध नव्हते, हा प्रश्न दुसऱ्या कार्यालयाचा ठरतो, आणि वर सांगितलेली दुहेरी रचना येथे सर्वांत महाग पडते.

नोंदवह्या आणि यादीबाहेरची माणसे

आरोग्य सेविकेचा निम्मा दिवस लिहिण्यात जातो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. गरोदर मातांची नोंद, बालकांची नोंद, साठा, घरभेटी, दैनंदिनी, आगाऊ फिरती कार्यक्रम. शिवाय तीच माहिती पुन्हा संगणकावर. आशांना कामावर आधारित मोबदला मिळतो. त्याच्या वाढीसाठी २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या प्रारंभी राज्यभर संपही झाला. केंद्र शासनाने १९९६ मध्ये कुटुंबकल्याणात लक्ष्यमुक्त धोरण स्वीकारले, तरी मासिक सभेतील प्रश्न आजही टक्केवारीचाच असतो.

टक्केवारीतला छेद कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे. दिवाळीनंतर साक्री, चाळीसगाव, पारोळा या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातच्या व अन्य जिल्ह्यांतील कारखान्यांकडे जातात. सातपुड्यातील मजूरही जातात. मूळ गावाच्या यादीत त्यांच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि ती मुले हिशेबातून वजा होतात. कारखान्याच्या तळावर ती बाहेरची असतात. तेथील यादीत त्यांचे नाव मुळात नसतेच. दोन्ही ठिकाणचा अहवाल खोटा नाही, दोन्ही ठिकाणचे लसीकरण पूर्ण आहे, आणि तरीही अडीच महिन्यांचे, साडेतीन महिन्यांचे डोस कोणीच दिलेले नसतात. सातव्या महिन्याची गर्भवती कोयत्याबरोबर निघून गेली तर तिचे बाळंतपण कोणत्या उपकेंद्राच्या नोंदीत येईल हे सांगता येत नाही. संगणकीय नोंदणीमुळे परजिल्ह्यातही नाव शोधता यावे अशी अपेक्षा आहे. ती मोबाइल क्रमांकावर अवलंबून आहे, आणि मुकादमाचाच क्रमांक चार घरांनी दिलेला असतो.

म्हणून अनुभवी सेविका दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या निघण्यापूर्वी, घरोघर फिरून जाणाऱ्यांची वेगळी यादी करतात. मुकादम कोण, कारखाना कोणता, परत कधी, हे विचारून घेतात. देय असलेले डोस आधीच देतात, लोहाच्या गोळ्या जादा देतात. अशा यादीसाठी कोणताही विहित नमुना नसला तरी ती वहीच्या मागच्या पानांवर असते. माता व बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भांड्यांच्या पेटीत सर्वांत खाली ठेवावयास त्या सांगतात, कारण होळीनंतर बैलगाडी वा ट्रक परत येतो तेव्हा त्या पेटीखेरीज दुसरे काही कोरडे राहिलेले नसते. परतल्यावर कार्ड मिळाले तर पुढचा डोस देता येतो. न मिळाल्यास मांडीवरील व दंडावरील खुणा पाहून आणि आईला विचारून सुरुवात करावी लागते.